आधी ठरवलेली कादंबरी, लिहिता लिहिता सापडलेली कादंबरी

कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाला पहिलं पान लिहिण्याआधीच एक प्रश्न अडवतो. शेवट ठरवून निघायचं, की निघाल्यावर शेवट कुठे भेटतो ते पाहायचं? लेखन कार्यशाळांमध्ये, लेखकांच्या मुलाखतींमध्ये हा प्रश्न हटकून निघतो. उत्तर देणारे बहुतेक वेळा कुठल्यातरी एका बाजूला ठाम उभे राहून बोलतात. एक म्हणतो, प्रकरणवार टाचण तयार झाल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही. दुसरा म्हणतो, सगळं आधीच ठाऊक असेल तर लिहायचं कशाला? ऐकणारा नवा लेखक यात गोंधळतो आणि स्वतःचा स्वभाव तपासायला लागतो. आपण शिस्तीचे की लहरी? आराखडा जमत नाही म्हणजे आपल्यात काही कमी आहे का? की आराखडा करावासा वाटतो म्हणजे आपल्याकडे अस्सल प्रतिभाच नाही?

स्वभावाची ही झडती माणसाला भलतीकडे नेते, असं माझं ठाम मत आहे आणि त्या मतातूनच हे पुस्तक लिहिलं गेलं. मोठ्या कादंबरीकारांच्या टिपणवह्या, खर्डे, पत्रं आणि आठवणी पाहत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: एकाच लेखकाने एक कादंबरी काटेकोर आखणी करून लिहिलेली असते आणि दुसरी जवळजवळ अंधारात चाचपडत. पद्धत लेखकाच्या जन्मपत्रिकेत लिहिलेली नसते. ती त्या त्या कादंबरीच्या गरजेतून ठरते. म्हणून ‘मी कोणत्या जातीचा लेखक?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या कादंबरीला माझ्याकडून काय हवंय?’ असं विचारायला शिकणं, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

चार्ल्स डिकन्सपासून सुरुवात करणं सोयीचं आहे, कारण त्याच्या बाबतीत दोन्ही टोकांचे पुरावे उपलब्ध आहेत. १८३६ साली ‘पिकविक पेपर्स’ सुरू झाली तेव्हा ती कादंबरी म्हणून ठरलेलीच नव्हती. रॉबर्ट सीमूर या चित्रकाराच्या शिकारी-खेळांच्या विनोदी चित्रांना जोडून मजकूर लिहायचा, एवढंच चोवीस वर्षांच्या डिकन्सला सांगण्यात आलं होतं. दुसरा अंक निघण्याआधीच सीमूरने आत्महत्या केली. मग चित्रं कमी झाली, मजकुराची पानं वाढली आणि सगळा डोलारा लेखकावर आला. विक्री बेताची होती. चौथ्या अंकात सॅम वेलर नावाचा एक हजरजबाबी नोकर कथेत शिरला आणि चित्र पालटलं; शेवटाकडे येईपर्यंत अंकाची विक्री चाळीस हजारांवर गेली. सॅम वेलर कुठल्याही मूळ योजनेत नव्हता. तो लिहिता लिहिता सापडला आणि सापडल्यावर डिकन्सने त्याला सोडलं नाही. ‘पिकविक’ला आराखड्याची गरजही नव्हती. प्रवासाला निघालेली मंडळी, वाटेतले मुक्काम आणि माणसं अशी ती रचना होती. एक मुक्काम फसला तरी पुढचा तिला सावरू शकत होता.

दहा वर्षांनी हाच लेखक ‘डॉम्बी अँड सन’ लिहायला बसला तेव्हा त्याच्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. एका गर्विष्ठ व्यापाऱ्याला मुलगा हवा आहे, मुलीकडे त्याचं लक्ष नाही, मुलगा जातो आणि अखेर तीच मुलगी त्याला सावरते. या कथेत पहिल्या अंकात टाकलेलं वाक्य अठराव्या अंकात फळाला यायला हवं होतं. मुलाचा मृत्यू फार लवकर आला तर वाचक त्याच्यावर जीव लावणार नाही. फार उशिरा आला तर मुलीची कहाणी उभीच राहणार नाही. शिवाय दर महिन्याला बत्तीस पानं छापखान्यात जाणार आणि एकदा छापलेलं मागे घेता येणार नाही. इथून पुढे डिकन्सने प्रत्येक मासिक अंकासाठी एक कागद करायला सुरुवात केली. हे कागद आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

त्यातला एक कागद डोळ्यांसमोर आणून पाहा. कागद आडवा धरलेला, मधोमध दुमडलेला. उजव्या अर्ध्या भागात त्या अंकातल्या प्रकरणांचे क्रमांक, त्यांची शीर्षकं आणि प्रत्येकात काय घडतं त्याची थोडक्यात नोंद. डाव्या अर्ध्या भागात मात्र गोष्टीचा मागमूस नसतो. तिथे लेखक स्वतःशी बोलत असतो. एखाद्या पात्राचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह: याला या अंकात आणायचं का? खाली, बहुधा नंतर कधीतरी, उत्तर: होय. दुसऱ्या नावापुढे: नाही. तिसऱ्यापुढे: इतक्यात नको. डिकन्सच्या आराखड्याचं मर्म मला या डाव्या बाजूत दिसतं. उजव्या बाजूला निर्णय आहेत, डाव्या बाजूला अजून न झालेले निर्णय आहेत आणि लिहिणं या दोहोंच्या मध्ये चालू आहे. आराखडा म्हटलं की आपल्याला फक्त उजवी बाजू आठवते. म्हणून तो अनेकांना जाचक वाटतो.

‘डॉम्बी’चा बेत डिकन्सने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला १८४६च्या उन्हाळ्यात पत्राने सविस्तर कळवला होता. त्यात वॉल्टर नावाच्या उमद्या तरुणाची हळूहळू होणारी घसरण दाखवायचं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. वॉल्टर सुखरूप परतला आणि नायिकेचा नवरा झाला. डॉम्बीची दुसरी पत्नी ईडिथ हिच्या वाट्याला पतन आणि मृत्यू येणार होता. लॉर्ड जेफ्री या वाचकमित्राला ती तशी वागेल हे पटेना आणि डिकन्सने तिचा मार्ग बदलला. मुलाचा मृत्यू मात्र ठरल्याप्रमाणे पाचव्या अंकात आला. म्हणजे इतक्या विचारपूर्वक केलेल्या योजनेतूनही कथेचा कणा टिकला आणि दोन मोठ्या पात्रांचं नशीब बदललं. तरुणाच्या घसरणीची कल्पना वाया गेली नाही. ती पुढे ‘ब्लीक हाउस’मधल्या रिचर्डच्या रूपाने आली. योजना असल्यामुळेच काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर सगळं कोसळेल हे डिकन्सला कळत होतं. आराखड्याचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे: मोडायचं कुठे, हे तो सांगतो.

दोस्तोयव्हस्कीची गोष्ट याहून नाट्यमय आहे आणि ती अनेकदा अर्धवट सांगितली जाते. १८६५ साली कर्जात बुडालेल्या दोस्तोयव्हस्कीने स्तेलोव्हस्की या प्रकाशकाशी तीन हजार रूबलचा करार केला. १ नोव्हेंबर १८६६पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढली नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ लिहिलेली नव्हती. मित्रांच्या आग्रहावरून त्याने लघुलेखन शिकलेल्या आन्ना स्नीत्किना या तरुणीला बोलावलं आणि सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ सांगून पुरी केली. हीच आन्ना पुढे त्याची पत्नी झाली. विनाआराखडा लेखनाचा विजय म्हणून ही कथा सांगितली जाते. पण जुगाराच्या नादाने परदेशात अडकलेल्या रशियन माणसाच्या या कथेचा बेत त्याने १८६३ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात मांडला होता. मधली तीन वर्षं ती कथा त्याच्या मनात होती आणि जुगाराचा अनुभव तर त्याच्या अंगातच भिनलेला होता. सांगण्याच्या दिवसांतही तो रात्री टिपणं काढून दिवसा त्यावरून सांगत असे, असं आन्नाने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. वेगाने लिहिलेली प्रत्येक गोष्ट अनियोजित असते असं नाही. कित्येकदा तिचा आराखडा कागदाऐवजी वर्षानुवर्षं डोक्यात शिजलेला असतो.

याच्या पुढच्याच वर्षी, १८६७ साली, तो जिनिव्हात ‘इडियट’ची जुळवाजुळव करत होता. त्या काळातल्या वह्यांत एकामागून एक आराखडे आहेत. सुरुवातीच्या आराखड्यांतला नायक गर्विष्ठ आणि बेलगाम विकारांचा माणूस आहे. आपल्याला माहीत असलेल्या निष्पाप प्रिन्स मिश्किनशी त्याचं काहीच नातं लागत नाही. डिसेंबरमध्ये दोस्तोयव्हस्कीने ते सगळं बाजूला टाकलं. एका संपूर्णपणे चांगल्या माणसाचं चित्र काढायचं, ही मनात जुनी असलेली पण अवघड म्हणून टाळलेली कल्पना त्याने उचलली आणि जानेवारी १८६८पासून कादंबरी मासिकात छापून यायला लागली. पहिला भाग वाचकांच्या हाती पडला तरी पुढल्या भागांचे बेत वहीत बदलतच होते. इथे आराखड्यांचा ढीग होता, तरी कादंबरी त्यांच्यातून आली नाही. आणि तरीही ते आराखडे फुकट गेले असं मला वाटत नाही. ‘असा नायक नको’ हे कळायला त्याला ते लिहावे लागले.

इथे या वादातला मूळ गैरसमज उघडा पडतो. आराखडा करणारा कष्ट आधी करतो आणि न करणारा नंतर. कष्ट दोघांनाही चुकत नाहीत. आराखड्याशिवाय लिहिलेला पहिला खर्डा हा पुष्कळदा तीन-चारशे पानांचा आराखडाच असतो. तो वाचून लेखकाला आपली कादंबरी कशाविषयी आहे हे प्रथमच कळतं आणि मग ती खऱ्या अर्थाने लिहायला घ्यावी लागते. तोल्स्तोयने १८६३च्या सुमारास ‘युद्ध आणि शांती’ला हात घातला तेव्हा त्याच्या मनात १८५६ साली सैबेरियातून परतणाऱ्या एका डिसेंबरिस्ट बंडखोराची गोष्ट होती. तो माणूस समजून घ्यायला त्याचं १८२५चं बंड पाहायला हवं. बंड समजायला त्याचं तारुण्य म्हणजे १८१२ची लढाई. आणि १८१२चा विजय सांगायचा तर त्याआधीचा १८०५चा पराभव लपवणं त्याला लाजिरवाणं वाटलं. अशी ती कथा मागे मागे सरकत गेली आणि जिच्यासाठी लिहायला सुरुवात केली ती गोष्ट पुस्तकात आलीच नाही. सुरुवातीचे कितीतरी खर्डे त्याने लिहून टाकून दिले. ही वाट कोणत्याही आराखड्यात बसली नसती. पण जो लेखक या वाटेने जाईल त्याच्या अंगी तोल्स्तोयसारखी टाकून देण्याची तयारीही हवी. आराखडा नाकारायचा आणि पहिल्या खर्ड्यावरही हक्क सांगायचा, हे जमत नाही.

दोन्ही टोकांची शुद्ध उदाहरणंही आहेत आणि पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर येतील. एमिल झोलाने ‘जर्मिनाल’साठी फेब्रुवारी १८८४मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आंझँच्या कोळसाखाणींत जाऊन, खाली उतरून माहिती घेतली; पात्रांची स्वतंत्र टिपणं, प्रकरणवार योजना असं सगळं बाड तयार केलं आणि मग लेखनाला बसून वर्षाच्या आत कादंबरी संपवली. इंग्लंडच्या अँथनी ट्रोलपने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द हा त्याचा नेम होता, पण कथानक आधी रचण्याकडे त्याचा ओढा नव्हता. ज्यांना आराखडा आणि शिस्त एकच वाटतात त्यांनी ट्रोलपची आत्मकथा जरूर वाचावी. आणि विल्यम फॉकनर? त्याने १९२९ साली वीजकेंद्रात रात्रपाळी करता करता ‘ॲज आय ले डाइंग’ सुमारे सहा आठवड्यांत लिहून काढली. त्याच फॉकनरने ‘अ फेबल’ या १९५४च्या कादंबरीचा आठवड्याच्या वारांनुसार आराखडा आपल्या अभ्यासिकेच्या भिंतींवर लिहिला. मिसिसिपीतल्या त्याच्या घरात तो आजही पाहायला मिळतो. भिंत लागावी इतकी गुंतागुंत त्या कादंबरीत होती. आधीच्या कादंबरीत शव घेऊन निघालेलं एक कुटुंब आणि एक रस्ता होता.

आपल्याकडे या प्रश्नाला सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर तोंड दिलं ते हरि नारायण आपट्यांनी. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून हप्त्याहप्त्याने दिली. डिकन्सला महिना मिळे, हरिभाऊंना आठवडा. आठवड्याच्या हप्त्याने लिहिणाऱ्याला मागचं दुरुस्त करता येत नाही. कथा सांगणाऱ्या नायिकेच्या, यमूच्या, तोंडून एकदा जे सांगितलं ते सांगितलं. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या पसरट आहेत, काही अपुऱ्याच राहिल्या, अशी टीका होत आली आहे. ती टीका करताना आपण लेखनाच्या त्या रीतीकडे पुरेसं पाहत नाही, असं मला वाटतं. आणि त्याच रीतीने एक मोठं देणंही दिलं. यमू आपली कहाणी आठवेल तशी सांगते, रेंगाळते, माजघरातली बोलणी जशीच्या तशी पुढे ठेवते. विधवेचं आयुष्य आतून दिसायला लागणारा तो संथपणा कुठल्याही आटोपशीर कथानकाने छाटून टाकला असता. शेवट कुठे जायचा हे हरिभाऊंना ठाऊक होतं. त्या काळच्या कुठल्याही सुधारकाला ते ठाऊक होतं. मधला रस्ता मात्र त्यांनी यमूवर सोडला.

पुढे ना. सी. फडक्यांनी तंत्राचा आग्रह धरला. १९३१चं त्यांचं ‘प्रतिभासाधन’ ही मराठीत कथा-कादंबरीच्या रचनेची पद्धतशीर चर्चा करणारी महत्त्वाची कृती. गुंतागुंत, निरगाठ, उकल असं कथानक आधी बांधून घेण्याचा धडा त्यातून कित्येकांनी घेतला. त्या धड्याचा उपयोग झाला आणि त्याचा जाचही झाला. म्हणून तीस-एक वर्षांनी ‘कोसला’ आली तेव्हा तिने घेतलेला मोकळा श्वास एवढा जाणवला. पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली ती अवघ्या काही दिवसांच्या बैठकीत लिहून काढली हे प्रसिद्धच आहे. खानदेशातलं गाव, पुण्याचं वसतिगृह, पुन्हा गाव. मध्येच डायरी, मध्येच आख्यानाचा सूर. बांधीव कथानक तिच्यावर लादलं असतं तर तिचा नायक पांडुरंग सांगवीकर गुदमरला असता. पण याच लेखकाने पुढे ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत चांगदेवाचं चतुष्टय लिहिलं आणि ‘झूल’नंतर ‘हिंदू’ यायला १९७९ ते २०१० एवढा काळ जावा लागला. मोहेंजोदारोच्या उत्खननापासून मोरगावच्या वाड्यापर्यंतचा पसारा पेलणारी ती कादंबरी ‘कोसला’च्या झपाट्याने लिहिता आली नसती. लेखक तोच होता, कादंबरी वेगळी होती.

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीने तर मराठीत हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात उभा केला. १४ जानेवारी १७६१ला काय झालं हे विश्वास पाटलांची ‘पानिपत’ उघडणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असतं. घटनांचा आराखडा इतिहासाने आधीच करून दिलेला असतो आणि तो बदलायची मुभा नसते. मग लेखकाने ठरवायचं काय? कुठून सुरू करायचं, कोणाच्या नजरेने पाहायचं, कुठे थांबायचं आणि कुठल्या प्रसंगावरून पटकन पुढे जायचं. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांना बोलायला लावलं, तेव्हा त्यांनी महाभारतातली घटना बदलली नाही, ती कोण सांगतो ते बदललं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. त्यात पुढच्या प्रकरणांची यादी नाही. शिवाजी महाराजांच्या चरित्रातले अवघड प्रश्न एकेक करून मांडलेले आहेत. डिकन्सच्या कागदाची डावी बाजू ती हीच. कादंबरीकाराच्या तयारीचा इतका मोठा दस्तऐवज मराठीत छापील स्वरूपात सर्वांपुढे आहे आणि तो केवळ इतिहासचर्चा म्हणून वाचला जातो, याची मला हळहळ वाटते. लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो या नजरेने पुन्हा वाचावा.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ, म्हणजे आराखड्याची ताकद कुठे संपते ते दिसेल. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका घराची कादंबरी आहे. वडील वारले आहेत, दोघे भाऊ, एक बहीण, नऊ एकर बागायत. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून भावांना ताईचं हक्कसोडपत्र हवं आहे. आराखड्यात लिहिलेलं असतं: प्रकरण १२. ताई दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन सही करते. भावांचा जीव भांड्यात पडतो.

लेखक ते प्रकरण लिहायला बसतो. कार्यालयाबाहेर बाकड्यावर मंडळी नंबराची वाट पाहताहेत. थोरल्याने ताईसाठी साडी आणली आहे, पिशवी वहिनीच्या मांडीवर आहे. आत बोलावतात. फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघा म्हणतात, अंगठा ठेवा म्हणतात. ताई कागद हातात घेते आणि म्हणते, “दादा, मी वाचते आधी.” दादा म्हणतो, “अगं, वकिलांनी वाचलंय की सगळं.” ती वाचतच राहते. राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, या शब्दांपाशी तिचं बोट थांबतं. मागे उभा असलेला साक्षीदार घड्याळ पाहतो.

हे थांबलेलं बोट आराखड्यात नव्हतं. ते यायला बाकडं, साडीची पिशवी आणि दादाचं ते घाईचं वाक्य आधी लिहावं लागलं. आता लेखकापुढे दोन वाटा आहेत. ताई सही करील. मग आराखड्यातली घटना टिकेल, पण प्रकरणाचा शेवट भावांच्या सुटकेवर करता येणार नाही, कारण वाचकाचं लक्ष आता ताईकडे आहे आणि पुढची प्रकरणं तिला द्यावी लागतील. किंवा ताई सही करणार नाही. मग तेराव्या प्रकरणापासूनचं सगळं टाचण मोडेल. कोणती वाट खरी हे ठरवायला लेखकाने टाचणाकडे न पाहता ताईकडे पाहायला हवं. आराखडा घटना सांगू शकतो. त्या घटनेचं माणसावर येणारं ओझं वाक्यं लिहितानाच कळतं. पण बारावं प्रकरण कार्यालयात घडायचं हे ठरलेलं नसतं, तर लेखक त्या बाकड्यापर्यंत पोचलाच नसता, हेही तितकंच खरं आहे.

मग नव्या लेखकाने करायचं काय? माझी सूचना एवढीच आहे की आपल्या हाती आधी काय आलंय ते प्रामाणिकपणे पाहावं. शेवट आधी सुचला असेल, एखादं रहस्य उलगडायचं असेल, तीन पिढ्या किंवा चार निवेदक सांभाळायचे असतील, तर आखणी करावी. कोणाला कधी काय कळतं याचा हिशेब डोक्यात राहत नाही आणि चुकला तर वाचकाच्या लगेच लक्षात येतो. हाती एखादा आवाज आला असेल, बोलणारा माणूस ऐकू येत असेल पण त्याचं पुढे काय होणार ते ठाऊक नसेल, तर त्याला बोलू द्यावं आणि शंभर पानांनंतर थांबून वाचावं. हाती फक्त विषय असेल, म्हणजे दुष्काळ, स्थलांतर, धरणग्रस्तांचं पुनर्वसन, तर आराखडा आणि लेखन दोन्हींच्या आधी माणसांत जाऊन राहावं. विषयाचा आराखडा केला की त्याची कादंबरी न होता निबंध होतो.

दोन्ही वाटांवरचे धोकेही सांगायला हवेत. आखणी करणाऱ्याचा धोका असा की टाचण इतकं पूर्ण होतं की लिहायची ऊर्मीच उरत नाही, किंवा पात्रं ठरलेल्या प्रसंगाकडे ढकलली जातात आणि त्यांच्या तोंडी लेखकाची भाषा येते. आखणी न करणाऱ्याचा धोका असा की साठ-सत्तर पानांवर कथा अडते आणि लेखक पहिली पानंच पुन्हा पुन्हा घासत बसतो. अशा कितीतरी सुंदर सुरुवाती मराठी घरांतल्या कपाटांत पडून आहेत. पहिल्याने आपल्या टाचणात मुद्दाम काही प्रश्न उघडे ठेवावेत. दुसऱ्याने अडल्यावर आतापर्यंत लिहिलेल्याचा उलटा आराखडा करावा: प्रत्येक प्रकरणात कोणाला काय हवं होतं आणि काय मिळालं, एवढंच एकेका ओळीत. अडलेली जागा बहुतेक वेळा त्या यादीत दिसते.

या पुस्तकाची मांडणीही याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात हप्त्याने लिहिलेल्या कादंबऱ्या आहेत, कारण त्यांच्यात आखणी आणि लेखन एकाच वेळी चाललेलं दिसतं. दुसऱ्या भागात एकेका लेखकाच्या दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेल्या कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. तिसरा भाग मराठी ऐतिहासिक कादंबरीचा. चौथ्यात प्रत्यक्ष लिहिणाऱ्यासाठी सराव आहेत. ते वहीत करून पाहण्यासाठी आहेत, नुसते वाचण्यासाठी नव्हेत. समीक्षकांना या पुस्तकाचा उपयोग झाला तर मला आनंदच होईल, पण ते लिहिताना समोर होता तो नोकरी सांभाळून रात्री दीड तास लिहिणारा माणूस. त्याच्याकडे वेळ थोडा असतो आणि तो वेळ चुकीच्या पद्धतीच्या हट्टापायी जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हस्तलिखितं जपण्याविषयी एक विनंती करून थांबतो. डिकन्सचे कागद, दोस्तोयव्हस्कीच्या वह्या, झोलाची बाडं राहिली म्हणून आपण त्यांच्या लेखनाविषयी असं बोलू शकतो. मराठी कादंबरीकारांची टिपणं, खोडलेली प्रकरणं, प्रकाशकांशी झालेला पत्रव्यवहार असा ऐवज फार थोड्या ठिकाणी नीट ठेवलेला आहे. आजचे लेखक संगणकावर लिहितात आणि दुरुस्ती केली की आधीचं पुसलं जातं. लेखकांनी आपले खर्डे तारीख घालून ठेवावेत, कुटुंबीयांनी ते रद्दीत देऊ नयेत, विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी ते मागून घ्यावेत. पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीला मराठी कादंबरी कशी घडते हे शिकायचं असेल, तेव्हा तिला लंडनपर्यंत जावं लागू नये. तिच्या भाषेतल्या लेखकाने काय ठरवलं होतं, काय खोडलं आणि का खोडलं, हे तिला तिच्याच गावच्या ग्रंथालयात बसून वाचता आलं पाहिजे.